चार तारखेचा निकाल

काकूंनी तोंडाला साबण लावला, डोळे मिटले आणि बेसिनपाशी उभ्या उभ्याच त्या डावीकडे कलंडल्या. मी ताटं मांडत होते. धावत जाऊन धरेपर्यंत त्यांनी नळ पकडला होता, पण कपाळ भिंतीवर आपटलंच. साबणाच्या फेसातून रक्ताचा बारीक ओघळ आला.

"काही नाही गं, काही नाही," काकू म्हणाल्या. "नॅपकिन दे तेवढा."

आतून सर आले. "चक्कर आली का?"

"चक्कर नाही हो. डोळे मिटले ना, की पाय कुठे टेकलेत तेच कळत नाही. जमीन गेल्यासारखी वाटते खालची."

"सकाळपासून ओट्याशी उभी आहेस. आवटी येणार म्हणून चार-चार पदार्थ. बस बघू आता." सर हळद आणायला स्वयंपाकघरात गेले.

मी काकूंना खुर्चीपर्यंत नेलं. आठ-दहा पावलांचं अंतर, पण त्या सारख्या पायांकडे बघत होत्या. पाय जरा जास्तच उचलायच्या आणि मग धपकन टाकायच्या.

"काकू, इंजेक्शन चालू आहे ना तुमचं?" मी विचारलं.

"कुठलं, ते बी-ट्वेल्व्हचं? ते मार्चपासूनच बंद. आता ह्यांचं दही आहे ना!" असं म्हणून त्या हसल्या.

तो दोन हजार सहा सालातला आठ जानेवारीचा रविवार होता. मी त्या घरी दर रविवारी जेवायला जायचे आणि जाताना विरजणाची छोटी स्टीलची डबी घेऊन जायचे. त्या दिवशीही ती मी नेली होती.

सर म्हणजे डॉ. मुकुंद दाबके. सांगलीबाहेरच्या एका संशोधन संस्थेत ते सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचे प्रमुख होते आणि मी, चारुशीला आवटी, त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. विषय एका वाक्यात सांगण्यासारखा होता. दह्यातल्याच एका जिवाणूला जास्त बी-ट्वेल्व्ह तयार करायला लावायचं. शाकाहारी माणसाला हे जीवनसत्त्व दुधा-दह्यातून थोडंफार मिळतं, पण पुष्कळांना ते पुरत नाही. कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि तसंच चालू राहिलं तर नसा खराब होतात. सरांचं म्हणणं असायचं, "गोळी प्रत्येक घरात पोचणार नाही, आवटी. विरजण पोचेल. शेजारीण शेजारणीला देईल."

आमच्या जिवाणूत ते बनवायची सोय मुळात होती, पण तो ती जेमतेम वापरायचा. आम्ही त्याच्या जनुकांत फेरफार करत गेलो. चाळीस वाण फुकट गेले. एकेचाळिसाव्याने एकदम तीसपट आकडा दिला. मोजायची पद्धत जुनी आणि भरवशाची होती. बी-ट्वेल्व्ह मिळाल्याशिवाय न वाढणारा दुसरा एक जिवाणू असतो. त्याच्या नळीत आपला नमुना टाकायचा आणि थांबायचं. नळी जितकी गढूळ, तितकं जीवनसत्त्व जास्त. एकेचाळीसच्या नळ्या ताकासारख्या पांढऱ्या झाल्या, त्या दिवशी सरांनी सगळ्या विभागाला पेढे वाटले आणि स्वतः एकही खायचं विसरले.

संस्थेचा नियम असा होता, की प्रयोगशाळेतलं काहीही कुणाच्या पोटात जाता कामा नये. सरांनी तो मोडला. "लोकांना द्यायचं ते माझ्या घरात द्यायला मला भीती वाटत असेल, तर मी हे काम करूच नये," ते म्हणाले. घरात गरज होतीच. काकूंना दोन वर्षांपूर्वी बी-ट्वेल्व्ह फारच कमी निघालं होतं आणि डॉक्टरांनी दर महिन्याला इंजेक्शन सांगितलं होतं. काकूंना सुईची विलक्षण भीती. कालिंदी दाबके म्हटलं की सांगलीत अजूनही लोकांना त्यांचा टायपिंग क्लास आठवतो; सरकारी परीक्षेला बसलेल्या तीन पिढ्या त्यांनी तयार केल्या. त्या क्लासच्या मुलींना दरडावणाऱ्या काकू दवाखान्यात मात्र सरांचा हात सोडायच्या नाहीत. दही सुरू झालं आणि सहा महिन्यांनी त्यांच्या रक्ताची तपासणी केली. हिमोग्लोबिन साडेबारा. तो कागद सरांनी कितीतरी दिवस खिशात बाळगला होता.

विरजण मी तयार करायचे. नेऊन द्यायचेही मीच.

आता त्या रविवारच्या आधीच्या बुधवारचं सांगते. चार तारखेचं.

प्रबंधात एक जादा पान भरावं, एवढ्याच हेतूने मी एकेचाळीसचा नमुना पुण्याला पाठवला होता. तिथल्या एका प्रयोगशाळेत माझी मैत्रीण रेश्मा तांबोळी काम करायची. त्यांच्याकडे रेणूचं वजन आणि घडण दाखवणारं यंत्र होतं, आमच्याकडे नव्हतं. सरांना मी सांगितलं नव्हतं. छान चित्र आलं की एकदम समोर ठेवू, असं मनात होतं.

बुधवारी दुपारी रेश्माचा फोन आला.

"चारू, तुझ्या नमुन्यात बी-ट्वेल्व्ह नाहीये."

"म्हणजे? तीसपट आहे."

"तीसपट काहीतरी आहे, पण ते बी-ट्वेल्व्ह नाही. त्याच्यासारखं दिसणारं दुसरंच आहे. रेणूच्या खालच्या टोकाचा तुकडा वेगळा आहे. खोटं बी-ट्वेल्व्ह म्हण हवं तर. खरं शंभरात दोन-तीन भाग असेल."

"पण आमच्या नळ्या..."

"जिवाणूला चालतं गं ते, म्हणून नळ्या गढूळ होतात. माणसाला नाही चालत. माणसाचं आतडं ते नीट घेतच नाही. मी दोनदा चालवला नमुना. मेल केलाय, बघ."

मी मेल उघडला. तीन पानं होती. तिसऱ्या पानावर दोन रेणू शेजारी शेजारी काढलेले होते, आणि तो एवढासा तुकडा सोडला तर दोघांत काही फरक नव्हता.

एकेचाळीसमध्ये फॉलिक आम्लही भरपूर होतं, ते आम्हाला आधीपासून माहीत होतं. फॉलिक आम्ल रक्त सुधारतं, नसा सुधारत नाही. म्हणजे बी-ट्वेल्व्ह नसताना ते पोटात जात राहिलं, तर रक्ताचा कागद चांगला येत राहतो आणि आत नसा झिजत राहतात. यात नवीन काही नाही. बी.एस्सी.च्या वर्गाला मी स्वतः ते शिकवलं होतं, फळ्यावर आकृती काढून.

हे सगळं मला बुधवारी कळलं होतं. रविवारी काकू बेसिनपाशी पडल्या.

त्या दिवशी जेवताना मी म्हणाले, "सर, काकूंना एकदा डॉक्टरांना दाखवून आणू या का? नाहीतर एखादं इंजेक्शनच देऊन टाकू. कुठे बिघडतं?"

सर आमटीचा भुरका मारता मारता थांबले. रागावले नाहीत, उलट गमतीने म्हणाले, "आवटी, तूच असं म्हणायला लागलीस तर जगाने काय म्हणावं?"

"नको गं बाई इंजेक्शन," काकू म्हणाल्या. "कपाळाला पट्टी लावलीय ना, झालं की."

मी पुढे बोलले नाही. भात कालवत बसले.

न बोलण्याची कारणं माझ्याकडे होती, आणि ती तेव्हा मला पटतही होती. एकाच यंत्राचा एकच निकाल; आधी ताजा नमुना पाठवून खात्री करावी. एकोणीस तारखेपासून हैदराबादला परिषद होती आणि तिथे सर एकेचाळीसबद्दल बोलणार होते. नेदरलँड्सच्या ज्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत मला जायचं होतं, ते समोर बसणार होते. माझे वडील तासगावला प्राथमिक शिक्षक होते. परदेशी शिष्यवृत्तीचा अर्ज मी भरला तेव्हा त्यांनी तो तीनदा वाचून घेतला होता. एवढे दिवस जाऊ देत, मग सांगू. दहा महिने गेलेत, दहा-पंधरा दिवसांनी काय होतं?

तरी मंगळवारी मी सरांच्या खोलीत गेले. मेलचे तीन कागद छापून फाईलमध्ये घेतले होते.

"ये, ये. बरी आलीस," सर म्हणाले. संगणकावर त्यांनी भाषणाचं पहिलं पान उघडलं होतं. खाली दोन नावं होती, त्यांचं आणि माझं. "मधली काही पानं तू सादर करायचीस, असं वाटत होतं मला. पण संस्थेने एकाचंच तिकीट मंजूर केलंय. म्हणून मी काय करणार आहे, शेवटी तुझा फोटो दाखवणार आहे. हिने केलं म्हणून सांगणार आहे. त्या डच माणसाला लक्षात राहील."

"सर, फोटो कशाला?"

"का नको? मला साठावं लागलंय, मला आता कोण बघणार?" मग माझ्या हातातल्या फाईलकडे बघून त्यांनी विचारलं, "काही आणलंयस का?"

"नाही. हे... प्रबंधाचं तिसरं प्रकरण. सावकाश बघितलं तरी चालेल."

"मग परिषदेनंतरच दे."

मी फाईल परत घेऊन आले.

पुढच्या रविवारी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मी पुन्हा त्या घरी गेले. जाताना औषधांच्या दुकानातून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्यांची एक पट्टी विकत घेतली. कुटून विरजणात मिसळायच्या, कुणाला कळायचं नाही, असा विचार होता. दुकानाबाहेर उभी राहिले, डबीचं झाकणही उघडलं. पण मिसळल्या नाहीत. गोळ्या मिसळायच्या म्हणजे निकाल खरा आहे हे मान्य करायचं. आणि ते मान्य केलं असतं तर मला सरळ वर जाऊन सांगावं लागलं असतं. मी पट्टी पर्समध्ये टाकली आणि जिना चढले.

काकूंनी गूळपोळ्या केल्या होत्या. वाढताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर टपोरे फोड दिसले.

"काकू, भाजलं केवढं!"

त्यांनी हात उलटा करून पाहिला. "अगं बाई, हो की. तव्याला लागलं असणार." फोडांकडे त्या दुसऱ्या कुणाच्या हाताकडे बघावं तशा बघत राहिल्या. "कळलंच नाही मला."

जेवणानंतर सर जरा आडवे झाले. काकूंनी मला हळूच बाहेरच्या खोलीत बोलावलं. तिथे क्लासमधला एक जुना मराठी टाइपरायटर ठेवलेला होता.

"ह्यांना सांगू नकोस हं. उगीच काळजी करतील, त्यात परिषद तोंडावर आलीय." त्या मशीनपुढे बसल्या. "तीस वर्षांत मी कधी खाली बघून टाइप केलेलं नाही. मुलींनी बघितलं तर पट्टी मारायचे मी. आता हे बघ."

त्यांनी समोरच्या भिंतीकडे नजर लावली आणि टाइप करायला लागल्या. एरवी ते पावसासारखं वाजायचं. त्या दिवशी एक अक्षर पडायचं, मग थांबायचं, मग अक्षरांच्या दोन दांड्या एकमेकींत अडकायच्या. त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला. एकही शब्द वाचता येत नव्हता.

"बोटं कुठल्या अक्षरावर आहेत ते कळत नाही," काकू म्हणाल्या. "तू शिकलेली आहेस. हे कशामुळे होत असेल गं?"

मी म्हणाले, "थंडीमुळे असेल, काकू. थंडीत नसा आखडतात."

हे मी म्हणाले. दुसऱ्या कुणी माझ्या तोंडून वदवलं नाही.

"मलाही तेच वाटलं," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी दह्याची वाटी आणली आणि माझ्यासमोर बसून चमच्याने पूर्ण संपवली.

एकोणीस तारखेला सर हैदराबादला गेले. एकवीसला, शनिवारी, काकू क्लासच्या जिन्यावरून पडल्या. शेजाऱ्यांनी घरी आणून निजवलं. हाड मोडलं नव्हतं, पण त्या उठून उभ्या राहू शकेनात. शेजाऱ्यांनी पडल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा सरांना साधी दुखापत वाटली. सर नसल्याने त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले नव्हते. रात्रीच्या गाडीने सर निघाले आणि सोमवारी घरी जाऊन काकूंना बघून अकराच्या सुमारास तडक प्रयोगशाळेत आले. अंगावर प्रवासातलेच कपडे होते.

"आवटी, हिला पाय उचलता येत नाहीयेत," ते म्हणाले. "टाचणी टोचली तर कळत नाही. मी स्वतः टोचून बघितली. असं कसं होईल? बी-ट्वेल्व्ह पोटात जातंय, रक्त उत्तम आहे. मग दुसरं काय असेल? तू सांग. मला काही सुचत नाहीये."

मी खणातून फाईल काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"काय आहे हे?"

"पुण्याहून निकाल आलाय, सर. एकेचाळीसचा."

त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्या पानावर ते थांबले. त्या छोट्या तुकड्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते बोट तिथेच राहिलं.

"कधी आला?"

मेल छापताना वरची तारखेची ओळ पानावर आली नव्हती. खरं सांगायचं तर मी ती येऊ दिली नव्हती.

"काल," मी म्हणाले. "काल संध्याकाळी."

सरांनी मान हलवली. "काल," ते म्हणाले. मग उठले, फोनपाशी गेले आणि उभ्या उभ्याच डॉक्टरांचा नंबर फिरवला. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "दाबके बोलतोय. घरी येऊन कालिंदीला लगेच बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन द्यायचंय. हो, आत्ता. चूक झालीय. माझी."

मिरजेच्या मेंदूतज्ज्ञांकडे आम्ही दोघांनी मिळून काकूंना नेलं. त्यांनी सगळं तपासलं. पाठीच्या कण्यातल्या नसांवर परिणाम झालाय म्हणाले. हातांना सुधारणा होईल. पायांचं सांगता येत नाही.

सरांनी विचारलं, "दोन-तीन आठवडे आधी आलो असतो तर?"

"सांगता येत नाही. या आजारात शेवटच्या काही आठवड्यांतही पुष्कळ काही जातं. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता."

"मला हैदराबादला जायची घाई होती," सर म्हणाले. "ती बेसिनपाशी पडली होती. मी हळद लावली."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते.

काकूंचे हात पाच-सहा महिन्यांत बरेचसे परत आले. पाय आले नाहीत. सरांनी हैदराबादचं भाषण मागे घेतल्याचं पत्र परिषदेला पाठवलं. संस्थेलाही लिहून दिलं, की नियम मी मोडला, विद्यार्थिनीचा त्यात दोष नाही, आणि राजीनामा दिला. नेदरलँड्सच्या प्राध्यापकांना त्यांनी माझ्यासाठी वेगळं पत्र लिहिलं. तिथे गेल्यावर त्या प्राध्यापकांनी ते मला कौतुकाने दाखवलं. सरांनी लिहिलं होतं, "आपल्या तीन वर्षांच्या कामावर पाणी पाडणारा निकाल हातात आल्यावर या मुलीने तो दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे ठेवला. असं धैर्य मी माझ्या आयुष्यात फार थोड्या लोकांत पाहिलं आहे."

मला जागा मिळाली ती त्या पत्रामुळे.

मी चार वर्षांनी परत आले आणि पुण्याला नोकरीला लागले. माझं काम आजही जिवाणूंकडून जीवनसत्त्वं करवून घेण्याचंच आहे. आमच्याकडे आता ते यंत्र आहे. पहिल्या आठवड्यातच रेणू तपासला जातो. सांगलीला मी वर्षातून एकदा जायचे, सकाळी पोचून संध्याकाळी परत निघायचे. सर दर वेळी माझी ओळख येणाऱ्या-जाणाऱ्याला करून द्यायचे. "ही आमची आवटी. हिने एका दिवसात सांगितलं. मी मात्र दहा महिने बघून न बघितल्यासारखं केलं." दर वेळी तेच वाक्य. मी चहाचा कप हातात धरून ते ऐकायचे.

निकाल मागे घेता येतो, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते. 'काल' हा एक शब्द मला सतरा वर्षांत मागे घेता आला नाही.

दोन हजार तेवीसच्या मार्चमध्ये सर गेले. तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेले. ठरवून गेले होते. कोल्हापूरची त्यांची भाची सोबतीला राहिली होती, ती भाजी आणायला बाहेर पडली. काकू खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. पांढरे केस बारीक कापलेले. भिंतीलगतच्या टेबलावर सरांचा फोटो, त्याला ताजा हार.

"चार वाजले की सवयीने हातांनी पाय पुढे ओढून ठेवते बघ," काकू म्हणाल्या. "रोज चार वाजता हे तेल लावून चोळायचे. मला कळायचं नाही काही, पण बघायचे ना मी. म्हणायचे, माझ्या गर्वाने तुझे पाय नेले. मी किती सांगितलं, अहो, मीही म्हटलंच होतं ना इंजेक्शन नको. ऐकायचे नाहीत. शेवटच्या आठवड्यात तर हेच, दुसरं बोलणंच नाही."

"काकू, मला काही सांगायचंय."

"सांग की."

"तो पुण्याचा निकाल... तो आदल्या दिवशी आला नव्हता. चार जानेवारीला आला होता."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. बराच वेळ त्यांना हिशेब लागत नव्हता, मग लागला. चेहऱ्यावर तो लागताना मला दिसला.

"म्हणजे मी बेसिनपाशी पडले तेव्हा..."

"हो."

"आणि संक्रांतीला? मी तुला टाइप करून दाखवलं तेव्हा?"

"हो, काकू."

"थंडीमुळे म्हणालीस तू."

खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची हाक आली आणि लांब गेली.

"ह्यांना कधी सांगितलंस?"

"नाही सांगितलं."

"सतरा वर्षांत?"

"नाही."

मला वाटलं होतं त्या रडतील, ओरडतील. त्यांनी मांडीवरचा पंचा सारखा केला.

"पायांचं मला काही नाही गं," काकू म्हणाल्या. "तो डॉक्टर तेव्हाच म्हणाला होता, सांगता येत नाही. नसतेही वाचले. पण ह्यांना वाटायचं, आपण एकट्यानेच केलं हे सगळं. जेवताना घास हातात घेऊन थांबायचे. कुणी तरी वाटेकरी आहे एवढं नुसतं कळलं असतं ना..." त्यांनी नजर माझ्याकडे वळवली. "तू दर वर्षी येत होतीस. इथेच बसत होतीस."

"माझं चुकलं, काकू. मला माफ—"

"मला नको सांगूस. मला का सांगतेस?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, क्लासमध्ये चढायचा तसा. त्यांनी हात लांब करून फोटोकडे दाखवलं. "त्यांना सांग."

मी उठले. फोटोसमोर जाऊन उभी राहिले. सर चष्म्यातून हसत होते. शर्टाच्या खिशाला पेन होतं. ओठ हलले, पण माझं मलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने सांग," मागून काकू म्हणाल्या. "शेवटी शेवटी त्यांना कमी ऐकू यायचं."

"सर," मी म्हणाले, "निकाल चार तारखेला आला होता."

"अजून मोठ्याने."

दार ढकलून भाची आत आली आणि भाजीची पिशवी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी पुन्हा सांगितलं, तिच्यादेखत, जिन्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी वळून बघितलं नाही. काकू पुन्हा 'अजून मोठ्याने' म्हणतील, म्हणून मी वाट बघत उभी राहिले.